यंत्र घरी आले, शिकवणार कोण?

कुंडलमधल्या बऱ्यापैकी चालत्या घरात आता टीव्हीखालच्या कप्प्यात एक छोटा दवाखाना असतो. रक्तदाब मोजायचे यंत्र, साखर तपासायचे यंत्र, करोनाच्या साथीत घाईघाईने घेतलेला ऑक्सिमीटर, वाफ घ्यायचे भांडे आणि पुण्याच्या मुलाने दिवाळीला आणलेले स्मार्ट घड्याळ. शेजारी पाय दाबून देणारे एक धूडही असते, त्याच्यावर सध्या इस्त्रीचे कपडे ठेवतात. पूर्वी पाहुणा आला की लग्नाचा अल्बम बाहेर निघायचा. आता बीपीचे मशीन निघते.

चहाला उकळी येईपर्यंत पाहुण्याच्या दंडाला पट्टा गुंडाळून झालेला असतो. "अण्णा, हात द्या इकडं. बाही ऱ्हाऊ द्या, चालतंय." अण्णा आत्ताच मोटारसायकलवरून उतरलेले, तोंडात तंबाखूची चिमूट, हात खुर्चीवरून खाली लोंबणारा. मशीन घरघरत असताना ऊसबिल कधी जमा होणार यावर चर्चा सुरू. आकडा येतो १६२/९८. सगळे एकदम गप्प. मग यजमान आतल्या दिशेने ओरडतात, "अहो ऐकलं का, अण्णांच्या चहात साखर नको." साखरेचा आणि बीपीचा काय संबंध, हे विचारायचे भान त्या क्षणी कुणालाच नसते.

त्या आकड्यात अण्णांचा रक्तदाब किती आणि बाकीच्या गोष्टी किती, हे सांगणे अवघड आहे. बोलत असताना मोजले तर वरचा आकडा सहज दहाने वाढतो. हात छातीच्या पातळीखाली लोंबत असेल तर आणखी वाढतो. लघवी तुंबलेली असेल तर वाढतो. तंबाखू, मिश्री, चहा यांचा परिणाम अर्धा तास तरी राहतो. शिवाय पट्टा. बहुतेक यंत्रांबरोबर येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. तालमीत घाम गाळलेल्या माणसाच्या दंडाला तो जेमतेम पुरतो, आणि अपुरा पट्टा रक्तदाब असतो त्यापेक्षा जास्त दाखवतो. पैलवानकीच्या या मुलखात हे लक्षात ठेवायला हवे. नुसत्या पट्ट्यापायी एखाद्या धडधाकट माणसाला आयुष्यभराची गोळी लागायची.

हे यंत्र डॉक्टरांसारखे नळी लावून आवाज ऐकत नाही. पट्ट्यात हवा भरते, ती सावकाश सोडते आणि धमनीच्या ठोक्यांमुळे पट्ट्यात उठणारी कंपने टिपते. त्यावरून वरचा आणि खालचा आकडा ते गणिताने काढते आणि ते गणित प्रत्येक कंपनीचे आपापले असते. मधेच हात हलला, माणूस हसला, नाडी अनियमित असली की गणित चुकते. म्हणजे यंत्र खोटे बोलत नाही, पण त्याच्यासमोर कसे बसायचे याचे काही नियम आहेत. पाच मिनिटे शांत बसायचे. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. उघडा दंड, हाताला टेबलाचा आधार, पट्टा काळजाच्या उंचीवर. तोंड बंद. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचे, सकाळी आणि संध्याकाळी, सलग सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. घरातली ही सरासरी १३५/८५ च्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवायचे. दवाखान्यातली मर्यादा १४०/९० असते. घरातली थोडी खाली धरतात, कारण पांढरा कोट समोर आला की बऱ्याच जणांचा दाब आपोआप चढतो.

ही माहिती यंत्राच्या खोक्यातल्या पुस्तिकेत असते. इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. पुस्तिका पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर माळ्यावर जाते.

यातला हसण्याचा भाग इथवर. शासकीय रुग्णालयाच्या ओपीडीत हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने येते. रक्तदाबाची गोळी चालू असलेला माणूस घरी मोजतो, ११८/७६ येते. 'आता नॉर्मल झालं की' असे म्हणून तो गोळी बंद करतो. दुसऱ्या दिवशी मोजतो, पुन्हा चांगला आकडा. तिसऱ्या दिवशीही. यंत्र जणू त्याची पाठ थोपटत असते. पण यातली मेख अशी की अम्लोडिपिनसारख्या नेहमीच्या गोळीचा अंमल शरीरातून हळूहळू उतरतो, त्याला काही दिवस लागतात. त्या दिवसांतला चांगला आकडा बंद केलेल्या गोळीनेच दिलेला असतो. मग मोजण्याचा कंटाळा येतो, यंत्रातले सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये जातात आणि दाब कुणी न पाहता वर चढत राहतो. अशातला एखादा माणूस पुढे कधीतरी तोंड वाकडे झालेल्या अवस्थेत रुग्णवाहिकेतून येतो. सोबतचे नातेवाईक मोबाइलवर जुन्या आकड्यांचे फोटो दाखवतात. "डॉक्टर, घरी तर बरोबर येत होता की हो."

नवल वाटते ते एवढ्याचसाठी की ही माणसे यंत्रांवर भोळा विश्वास ठेवणारी नव्हेत. सांगली-सातारा भागातल्या शेतकऱ्याइतका चिकित्सक ग्राहक शोधून सापडायचा नाही. उसाची गाडी काट्यावर चढली की त्याची नजर आकड्यावरून हलत नाही. शंका आली तर तो दुसऱ्या काट्यावर वजन करून आणतो. दूध डेअरीत फॅट कमी लागली की "नीट ढवळून पुन्हा लाव" म्हणायला तो संकोचत नाही. फॅटच्या एका पॉइंटवरून सकाळी सहा वाजता जेवढी हुज्जत होते, तेवढी स्वतःच्या रक्तदाबाच्या चाळीस पॉइंटवरून होत नाही. काटा दुसऱ्याचा असतो म्हणून संशय घ्यायचा, आणि मशीन आपल्या पैशाचे म्हणून ते खरे, असा हिशोब दिसतो.

याच मातीत एके काळी अगदी उलटी परिस्थिती होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली तेव्हा तो खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे गेली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ दिला, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे स्टेशनचे नावही किर्लोस्करवाडी झाले. आज आपण त्या शेतकऱ्यांच्या शंकेला हसतो. पण शंका घेण्याचा त्यांचा रिवाज वाईट नव्हता. नवी वस्तू आपल्या जमिनीचे काय करील, हे त्यांनी विचारले. उत्तर पटल्यावर नांगर घेतला, आणि मग पिढ्यान् पिढ्या वापरला.

त्याच लक्ष्मणरावांनी त्याआधी, १८८८ साली, बेळगावात भावाच्या जोडीने सायकलचे दुकान काढले होते. ते सायकल विकत आणि ती चालवायलाही शिकवत. शिकवण्याचे पंधरा रुपये घेत, म्हणजे त्या काळच्या मानाने चांगलीच घसघशीत फी होती. पण वस्तू आणि ती वापरण्याची विद्या एकाच दुकानात मिळे. आताच्या आरोग्य-यंत्रांच्या बाजारात नेमकी ही दुसरी वस्तू मिळत नाही. सायकल न शिकता चढलेला माणूस लगेच पडतो आणि गुडघा फुटल्यावर त्याला कळते की आपल्याला येत नाही. बीपीचे मशीन न शिकता वापरणाऱ्याला कधीच कळत नाही. काही ना काही आकडा येतोच.

साखर तपासायच्या यंत्राचेही तसेच. यंत्र स्वस्तात मिळते, कधी पट्ट्यांबरोबर फुकटही मिळते. खर्च पट्ट्यांचा. म्हैस फुकट आणि वैरण विकत, असा हा व्यवहार आहे. मग पट्ट्या पुरवून वापरायच्या, मुदत संपली तरी वापरायच्या, डबीचे झाकण उघडे टाकायचे, असे प्रकार होतात. दमट हवा लागलेली पट्टी भलताच आकडा देते. यंत्र उत्तम असले तरी प्रयोगशाळेच्या तुलनेत पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक आंतरराष्ट्रीय निकषांतही मान्य आहे. म्हणजे खरी साखर २०० असेल तर यंत्राने १७५ किंवा २२५ दाखवणे हा काही बिघाड नव्हे. एकाच बोटातून लागोपाठ तीनदा रक्त काढून तीन वेगळे आकडे आले म्हणून यंत्र भिंतीवर आपटायची गरज नाही.

पलूस-तासगावच्या द्राक्षपट्ट्याने मात्र एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. जपानमधल्या संशोधकांनी २०११ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. साखरेचा आजार नसलेल्या माणसांना त्यांनी संत्री, द्राक्षे आणि किवी सोलायला लावली आणि मग बोटातल्या रक्ताची साखर तपासली. हात न धुता तपासली तेव्हा आकडा भलताच चढलेला निघाला. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही भागले नाही. साध्या नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र आकडा जागेवर आला. रक्तात काही वाढले नव्हते, बोटाला लागलेला फळाचा रस पट्टीने मोजला होता. आता द्राक्षांच्या हंगामात दिवसभर बागेत घड हाताळून आलेला, किंवा गुऱ्हाळावरून परतलेला माणूस बोटाला टोचून घेत असेल आणि त्या आकड्यावर इन्सुलिनचे युनिट वाढवत असेल, तर पहाटे साखर घसरून तो घामाने निथळत उठेल, किंवा उठणारही नाही. साबण-पाणी आणि कोरडा टॉवेल, एवढ्यावर हे टळते. स्पिरिटपेक्षा स्वस्तही पडते.

मनगटावरच्या घड्याळाकडे वळले की पुन्हा करमणूक सुरू होते. घड्याळाला पाय दिसत नाहीत. मनगटाला बसणाऱ्या हिसक्यांवरून ते पावले मोजते. त्यामुळे खड्ड्याखड्ड्यांतून मोटारसायकलवर किर्लोस्करवाडीला जाऊन येणाऱ्याच्या खात्यात पावले जमा होतात. म्हैस पिळताना होतात, भजनात टाळ वाजवताना तर भरपूर होतात. उलट वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन, त्याला हाताने धरून, रानातून घरापर्यंत येणाऱ्या बाईच्या मनगटाला हे घड्याळ बांधले तर तिची बरीच पावले बुडतील, कारण हात हलत नाही. अर्थात घड्याळ तिच्या मनगटावर नसतेच. ते नवऱ्याच्या असते, आणि "आज दहा हजार पुरी झाली" असे संध्याकाळी पारावर बसून तोच सांगतो.

या दहा हजारांमागे आधी वैद्यकशास्त्र नव्हते. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र बाजारात आले. त्याचे नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव लक्षात राहणारे होते, आकडा गोल होता, तो जगभर पसरला. नंतर शास्त्रज्ञांनी खरेच मोजून पाहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रिया होत्या. दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचे मृत्यू स्पष्टपणे कमी होते. फायदा साडेसात हजारांपर्यंत वाढत गेला, पुढे फारसा वाढला नाही. गुडघे दुखत असताना रात्री साडेदहाला अंगणात येरझारा घालून उरलेली बाराशे पावले 'भरणाऱ्या' आजोबांना हे कुणीतरी सांगायला हवे.

म्हणून घड्याळ अडगळीत टाकावे असेही नाही. चांगल्या दर्जाचे घड्याळ नाडीची अनियमितता पकडू शकते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली तर तिथे रक्ताच्या गुठळ्या होतात, त्या मेंदूत गेल्या की पक्षाघात होतो, आणि ही बिघडलेली लय अनेकांना जाणवतही नाही. अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांवर झालेला याबद्दलचा अभ्यास २०१९ सालीच प्रसिद्ध झाला. घड्याळाने दोनशे माणसांत जेमतेम एकाला इशारा दिला. इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती तपासायला परत पाठवली, त्यांच्यातल्या साधारण तिघांत एकाला खरेच तो विकार सापडला. ईसीजी काढायला जाण्याइतके कारण त्यात नक्की आहे, गोळ्या सुरू करण्याइतके नाही.

पण हजार-दीड हजाराच्या घड्याळात बीपी, ऑक्सिजन आणि वर 'न टोचता शुगर' असे सगळे लिहिलेले असेल तर खिशावरचा हात काढू नये. त्वचेला न टोचता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर बजावले होते. अशा घड्याळाची घरगुती परीक्षा सोपी आहे. ते केळ्याला बांधून पाहावे. केळ्याला साखर १०४ निघाली तर मुलांची हसून पुरेवाट होईल, तेवढीच वसुली.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या दृष्टीने औषधांच्या व्याख्येत आली आहेत. बीपीचे मशीन आणि ग्लुकोमीटर त्यातच येतात. म्हणून खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक पाहूनच घ्यावे. पण कायद्याने यंत्राचा दर्जा सुधारेल, माणसाचा लोंबता हात वर येणार नाही. ते काम कुणाचे? विकणाऱ्या मेडिकल दुकानदाराचे आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून एकदा नीट मोजून दाखवायला दहा मिनिटे लागतात. ऑनलाइन मागवलेल्या खोक्याबरोबर ती दहा मिनिटे येत नाहीत, हेच गावातल्या दुकानाचे बलस्थान ठरू शकते. दुसरी जबाबदारी सरकारी आरोग्य केंद्रांची. तीस वर्षांवरील सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याची राष्ट्रीय मोहीम चालूच आहे, आशाताई घरोघर फिरून त्याचे अर्ज भरतातच. महिन्यातून एक दिवस 'आपले मशीन घेऊन या' असा ठेवला तर काय बिघडेल? केंद्राच्या यंत्राशेजारी घरचे यंत्र लावून, दोन्ही आकडे एका कागदावर लिहून द्यायचे. वजनमापे खाते दुकानातल्या तराजूंची पडताळणी करून शिक्का मारते. ज्या यंत्रावर माणसाची गोळी कमी-जास्त होते त्याला एवढाही मान नसावा, हे बरोबर नाही. यात नवा निधी लागत नाही. लागतो तो वेळ, आणि मनुष्यबळ कमी असलेल्या केंद्रांत तोच दुर्मीळ आहे, हेही खरे.

नव्या तंत्रज्ञानाने या भागातल्या माणसांचे आरोग्य खरोखर कुठे राखले असेल, तर ते एका वेगळ्याच वस्तूने. ती टीव्हीखालच्या कप्प्यात नसते. विहिरीवरच्या किंवा नदीकाठच्या पेटीत असते आणि तिला मोबाइल स्टार्टर म्हणतात. शेतीची वीज रात्री येते तेव्हा मोटार चालू करायला उसातून, बांधावरून, अंधारात चालत जावे लागे. पायाखाली घोणस, मण्यार, नाग यांपैकी काही असण्याची वेळही तीच. ओली पेटी, उघडी वायर आणि अनवाणी पाय हा दुसरा धोका. आता माणूस अंथरुणातून एक कॉल करतो आणि मोटार सुरू होते. त्या रात्री सापावर पाय पडला नाही, हे कुठल्याच घड्याळाच्या पडद्यावर उमटत नाही आणि त्या स्टार्टरच्या खोक्यावर आरोग्याचा एक शब्दही छापलेला नसतो. या खरेदीबाबत एकच अडचण आहे. फ्यूज गेला किंवा बारे बदलायचे असले की उठून जावेच लागते. तेव्हा गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात जमिनीवर आपटत न्यायची काठी. या तिन्हींना चार्जिंग, ॲप किंवा पासवर्ड लागत नाही, फक्त बॅटरीतले सेल बीपीच्या मशीनमधून काढलेले नसावेत.